‘गावठी आहे, त्याला काय होतंय!’

महाडच्या बाजारात, बिरवाडी नाक्यावर, पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर, कुठेही दीड महिन्याचं पिल्लू मोकळं फिरताना दिसलं आणि मालकाला लसीबद्दल विचारलं की हेच उत्तर ऐकायला मिळतं. पुढची वाक्यंही ठरलेली असतात. आमच्या आजोबांनी जन्मभर कुत्री पाळली, एकालाही इंजेक्शन दिलं नाही, सगळी दहा-बारा वर्षं जगली. लसी लॅब्राडोर-पामेरियनला लागतात, ती नाजूक जात. गावठी पिल्लू मातीत लोळलं, चार कुत्र्यांत मिसळलं, उकिरड्यावर तोंड मारलं की आपोआप काटक होतं. जपत बसलात तर पुळचट निघेल.

हे सांगणारा माणूस दुष्ट नसतो. रात्री रानडुकरं शेतात उतरली की तो याच कुत्र्याच्या भरवशावर बॅटरी घेऊन बाहेर पडतो, स्वतःच्या ताटातली भाकरी त्याला घालतो. म्हणूनच चीड येते. ज्याच्यावर जीव आहे त्याचा जीव एका ऐकीव वाक्यावर टांगून ठेवायचा, हे कुठलं प्रेम?

पार्वो झालेलं पिल्लू ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी ते खाणं सोडतं. संध्याकाळपर्यंत फेसाच्या, मग पिवळ्या उलट्या सुरू होतात. दुसऱ्या दिवशी जुलाब, तेही लालसर-काळे, रक्ताचे. तो वास एकदा नाकात बसला की पुढच्या वेळी दुसऱ्याच्या घरात पाय टाकताच ओळखू येतो. पिल्लू पाण्याच्या वाटीपाशी जाऊन बसतं, मान वाटीच्या काठावर टाकतं, पण पीत नाही. तहान असते, गिळवत नाही. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच खाली बसत नाही, इतकं अंगातलं पाणी गेलेलं असतं. विषाणू आतड्याचं अस्तर सोलून काढतो, हाडांच्या मगजात शिरून पांढऱ्या पेशीही मारतो. वेळेवर सलाइन मिळालं नाही तर बहुतेक पिल्लं थोड्याच दिवसांत जातात. मग वाडीत काय बोललं जातं? काहीतरी विषारी खाल्लं असेल. नजर लागली असेल. त्याचं तेवढंच आयुष्य होतं. रोगाचं नाव कोणी घेत नाही, आणि नाव घेतलं नाही म्हणून आपल्याकडे हा रोग नाही असं ठरतं.

आता आजोबांची कुत्री. हा मुद्दा सगळ्यात जोरात मांडला जातो, आणि तोच सगळ्यात कच्चा आहे. आजोबा 1960 च्या सुमाराला कुत्री पाळत असतील तर त्यांच्या काळात पार्वो जगातच नव्हता. कुत्र्यांच्या पार्वोचा विषाणू 1978 मध्ये जगभर फैलावला आणि त्यानंतर काही वर्षांतच भारतातही सापडू लागला. जो शत्रू जन्माला आला नव्हता त्याच्यापुढे आजोबांचा मोती टिकला, याचा पुरावा म्हणून काय उपयोग? डिस्टेंपर मात्र तेव्हाही होता. त्याने मेलेली पिल्लं आजोबांनी मोजली होती का? आठवणीत राहतो तो बारा वर्षं दारात बसलेला मोती. त्याच्याबरोबर जन्मलेली बाकीची पाच भावंडं कुठे गेली, हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही.

कोणीतरी मात्र मोजलं आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या 95 विणींमधली 364 पिल्लं डोळ्यांत तेल घालून पाहिली. 2016 मध्ये ते काम छापून आलं. सात महिन्यांपर्यंत जगली ती शंभरातली जेमतेम एकोणीस. सगळी रोगाने गेली असं नाही. निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे या ना त्या वाटेने माणूस होता. पण ती सगळी गावठीच होती, मोकळ्यावरच वाढत होती, मातीत लोळत होती. काटकपणा असा आपोआप येत असता तर शंभरातली ऐंशी गेली असती का?

आपल्याच राज्यातला दाखला हवा असेल तर सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचा घ्या. माळढोक अभयारण्याच्या परिसरातल्या मोकाट कुत्र्यांचं रक्त अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी तपासलं. बहुसंख्य कुत्र्यांच्या रक्तात पार्वो आणि डिस्टेंपर येऊन गेल्याच्या खुणा निघाल्या. म्हणजे गावठी कुत्र्याला हे रोग होत नाहीत ही गोष्ट साफ खोटी. होतात, जवळजवळ सगळ्यांना होतात, आणि रक्त द्यायला जी उरलेली असतात ती वाचलेली असतात. मेलेल्यांचं रक्त कोण काढणार?

महाडकरांना तरी हे पटायला हवं. विंचू चावला की पूर्वी इथे उतारा, मंत्र, पाला यांवर भिस्त होती, आणि जो वाचायचा तो मंत्राने वाचला असं धरलं जायचं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन द्यायला सुरुवात केली, आणि लाल विंचवाच्या दंशाने शंभरात चाळीसपर्यंत होणारे मृत्यू एकावर आले. ‘लॅन्सेट’ने ते छापलं. ज्या तालुक्याने हे स्वतः पाहिलं, त्या तालुक्यात ‘आमच्याकडे काही होत नाही’ हे वाक्य अजून कसं चालतं?

आणि लसीवर एवढाच अविश्वास असेल तर तो गोठ्यात का दिसत नाही? पावसाच्या तोंडावर घटसर्पाची, फऱ्याची लस घेऊन सरकारी दवाखान्याची माणसं आली की हाच शेतकरी बैल धरून उभा राहतो. गावठी बैलाला काय होतंय, असं तेव्हा कोणी म्हणत नाही. मानमोडी आली की अख्खं खुराडं दोन दिवसांत रिकामं होतं हे घरातल्या बाईला माहीत असतं, आणि त्या कोंबड्या गावठीच असतात. बैल मेला तर नांगर अडतो, कोंबडी मेली तर पैसे बुडतात. कुत्र्याचं पिल्लू मेलं तर दुसरं मिळतं. खरं कारण हे आहे. मग ते तसं सांगावं, त्याला काटकपणाचं नाव देऊ नये.

थोडे पुढारलेले म्हणवणारे लोक दुसरं वाक्य बोलतात: एक इंजेक्शन दिलंय, आता कुठेही फिरू दे. हे पहिल्या वाक्याइतकंच घातक. गाय व्याली की वासराला पहिल्या काही तासांत चीक पोटभर पाजायचा, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. कुत्रीच्या पिल्लालाही आईच्या चिकातून तशीच राखण मिळते. ती राखण हळूहळू ओसरते. एखाद्या पिल्लात सहाव्या आठवड्यातच संपते, एखाद्यात चौदा-सोळा आठवडे टिकते. एकाच विणीतल्या दोन पिल्लांतही फरक असतो. ती अंगात असेपर्यंत लस दिली तर आईकडून आलेली राखण लसीलाच निष्प्रभ करते. आणि मध्ये काही दिवस असे येतात की ती राखण रोग अडवायला पुरत नाही, पण लस अडवायला पुरते. नेमके कोणते दिवस, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, असं वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटर्नरी असोसिएशन सांगते. रेबीजची लस बारा आठवड्यांना. पहिलं इंजेक्शन ही सुरुवात असते. तिला शेवट समजून पिल्लू स्टँडवर सोडणारा माणूस लसीचे पैसेही घालवतो आणि पिल्लूही. वर लसच कुचकामी म्हणून गावभर सांगतो.

मातीने काटक होतं म्हणणाऱ्यांनी ती माती नीट बघावी. पार्वोने आजारी पडलेलं कुत्रं जिथे हगतं तिथल्या मातीत तो विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. पिल्लू बाहेर गेलंच पाहिजे असं नाही, आपल्या चपलेला लागून तो पडवीत येतो. फिनेलने तो मरत नाही, डेटॉलने मरत नाही. मरतो तो ब्लीचिंगने. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरीतलं क्लोरीन त्याला मारतं. तेही फरशी आधी घासून स्वच्छ केली आणि मग ते पाणी दहा मिनिटं राहू दिलं तर. शेणाने सारवलेल्या अंगणात तो उपाय चालत नाही, कारण शेणमातीत क्लोरीन वाया जातं. ज्या अंगणात एक पिल्लू रक्ताच्या हगवणीने गेलं, तिथे महिन्याभरात दुसरं बिनलसीचं पिल्लू आणून सोडणं म्हणजे त्याला जाणूनबुजून मरणाच्या दारात नेणं आहे. तरी दर वर्षी हे होतं. पहिलं गेलं म्हणून पोरं रडतात, म्हणून लगेच दुसरं आणलं जातं, आणि तेही जातं.

शिवाय आपली माती पावसाळ्यातली माती आहे. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी महाड शहरात शिरल्या, आणि पाणी ओसरल्यावर घराघरांत जो चिखल राहिला तो उपसायला किती दिवस लागले हे इथे कोणाला विसरता येणार आहे? त्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत मिसळलेलं असतं. पुरानंतर आरोग्य खात्याची माणसं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरतात ती लेप्टोच्या भीतीने. माणसाला ज्या पाण्यातून जायला मनाई करतो त्याच पाण्यात दोन महिन्यांच्या पिल्लाला खेळू द्यायचं? लेप्टोची लस आठ आठवड्यांच्या आत देत नाहीत, ती दोनदा घ्यावी लागते, दर वर्षी पुन्हा घ्यावी लागते, आणि लेप्टोच्या सगळ्या जातींवर ती चालतही नाही. त्यातून कुत्र्याला लेप्टो झाला तर त्याच्या मुतातून तो घरात पसरतो. पडवीत ज्या कोपऱ्यात ते मुततं, तिथेच संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसतात.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळतो. ही मंडळी नव्या इमारतींत, औद्योगिक वसाहतीच्या परिसरात राहतात, महागाचं पिल्लू आणतात आणि सगळे डोस होईपर्यंत त्याला दाराबाहेर काढायचंच नाही असं ठरवतात. चार महिने फ्लॅटची फरशी, एक बाल्कनी आणि चार माणसं. त्यांना वाटतं आपण शास्त्राप्रमाणे वागतोय. शास्त्राचा अर्धाच भाग त्यांनी ऐकलेला असतो.

पिल्लाच्या मेंदूला जग ओळखीचं करून घेण्याचा एक काळ मिळतो, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे पाहिलं आणि 1965 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तिथेच केलेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणूस न पाहिलेली पिल्लं पुढे माणसाजवळ यायलाच तयार होईनात. लसींचं वेळापत्रक सोळाव्या आठवड्याला संपतं आणि हे दार त्याआधीच मिटतं. सगळ्या लसी झाल्यावर पहिल्यांदा बाहेर काढलेलं कुत्रं एसटीच्या हॉर्नला घाबरतं, छत्री उघडली की भुंकतं, अनोळखी मुलाने हात पुढे केला की चावतं. मग त्याला साखळी लागते, मग ते आणखी पिसाटतं, आणि वर्षभरात ते कोणाच्या तरी शेतघरावर बांधलेलं असतं किंवा कशेडी घाटात सोडून दिलेलं. रोगापासून वाचवलेलं कुत्रं असं माणसानेच टाकून द्यायचं असेल तर त्या चार महिन्यांच्या कोंडवाड्याने काय साधलं? कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने स्पष्टच म्हटलं आहे की पहिला डोस होऊन आठवडा उलटला की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला माणसांत आणि स्वच्छ जागेतल्या इतर पिल्लांत न्यायला सुरुवात करावी, सगळे डोस संपायची वाट पाहू नये.

या दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. दोघांनाही ‘बाहेर’ म्हणजे एकच जागा वाटते. अडचण बाहेरच्या हवेत नाही, माणसांत नाही, आवाजात नाही. अडचण आहे जमिनीत, जिथे अनोळखी कुत्री हगतात-मुततात आणि जिथे पाणी साचतं. मग पिल्लू कडेवर घ्या ना! आठ आठवड्यांचं पिल्लू दोन-चार किलोचं असतं. त्याला कडेवर घेऊन चवदार तळ्याभोवती फेरी मारा, बाजारातली गर्दी दाखवा, देवळाची घंटा ऐकवा, शिमग्याच्या पालखीपुढचे ढोल लांबून ऐकू द्या. शाळेतून सुटलेल्या मुलांना हात धुऊन त्याच्या पाठीवरून फिरवू द्या. ओळखीच्या घरातलं लस झालेलं शांत कुत्रं भेटवा. स्वतःच्या अंगणात, जिथे भटकी कुत्री येत नाहीत आणि वर्षभरात एकही पिल्लू दगावलेलं नाही, तिथे खाली सोडा. एसटी स्टँड, मच्छी बाजार, नदीकाठ, उकिरडा, रस्त्याकडेचं गवत इथे मात्र सोळाव्या आठवड्याचा डोस होऊन आठ-दहा दिवस जाईपर्यंत त्याचे पाय लागता कामा नयेत. आणि साचलेल्या पाण्यात तर त्यानंतरही नाही. यात कठीण काय आहे? पैसे लागत नाहीत, शिक्षण लागत नाही, हात मोकळे हवेत इतकंच.

कोणी म्हणेल, पावसात हे कसं जमायचं? गावठी पिल्लांपुरतं तरी हे कारण चालत नाही. भादवा कुत्र्यांचा, हे आपल्या तोंडी आहेच. भादव्या-अश्विनात लागलेली कुत्री दोन महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात विते. डिसेंबरच्या मध्यावर जन्मलेल्या पिल्लाचा पहिला डोस फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो, रेबीजची लस मार्चमध्ये, शेवटचा डोस एप्रिलच्या सुरुवातीला. सगळं कोरड्या दिवसांत. मृगाचा पाऊस यायला तेव्हा दोन महिने बाकी असतात. इतका सोयीचा काळ हाती असताना तो फुकट घालवायचा आणि आषाढात पिल्लू तडफडायला लागलं की नशिबाला बोल लावायचा, याला काय म्हणावं? भर पावसात मुंबई-पुण्याहून विकत आणलेल्या पिल्लांची गोष्ट वेगळी. पंचेचाळीस दिवसांचं सांगून महिन्याचं पिल्लू गळ्यात मारणारे विक्रेते आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. पिल्लू घेणाऱ्याने एवढी एक गोष्ट धरून ठेवली तरी अर्धा धंदा बंद पडेल.

रेबीजबद्दल दोनच वाक्यं बोलायची होती, पण वाडीवर अजून ऐकू येतं की पिल्लाच्या दातांत विष नसतं. हे धादांत खोटं आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेलं पिल्लू स्वतः पिसाळतं आणि त्याच्या लाळेतून रेबीज होतो. मुलं त्याला दिवसभर उचलून फिरतात, दातांचे ओरखडे कोणी मोजत नाही. ओरखडा असला तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. उलट बाजूने, डिस्टेंपरने झटके येणारं, जबडा कडकड वाजवणारं कुत्रं पिसाळलंय म्हणून काठ्यांनी मारलं जातं. एका लसीच्या अभावी ते आजारी पडलं, आणि त्या आजाराची शिक्षाही त्यालाच.

राहता राहिला सोयीचा प्रश्न. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरून दवाखान्यापर्यंत यायचं तर एसटीची वेळ, दिवसाची मजुरी आणि पिल्लू पिशवीत घालून केलेला प्रवास. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते. दुकानातून शर्टाच्या खिशात घालून आणलेली बाटली टोचली काय नि न टोचली काय. ही अडचण खरी आहे, आणि तिच्याबद्दल ओरडायला हवं. पण ओरडणार कोण? लस लागतच नाही असं ज्याने आधीच ठरवलंय तो ती मागेल का? जागतिक रेबीज दिनाला, 28 सप्टेंबरला, अनेक ठिकाणी फुकट टोचणीची शिबिरं होतात, पण त्या दिवशी यंदाची गावठी पिल्लं जन्मालाही आलेली नसतात. आणि तिथे मिळते ती फक्त रेबीजची लस.

तेव्हा मागणी आपणच करायची. माघात ग्रामसभा भरेल तेव्हा विषय मांडा: वाडीतल्या पिल्लांसाठी फेब्रुवारी ते एप्रिल महिन्यातून एक दिवस ठरवा, बर्फाच्या डब्यात लस आणा, रेबीजबरोबर पार्वो-डिस्टेंपरचीही आणा, खर्च घरटी वाटून घ्या. बैलांच्या लसीला गाव एकत्र येतं, पिल्लांच्या लसीलाही येऊ शकतं. आणि तोपर्यंत ज्याच्या घरी दोन महिन्यांचं पिल्लू आहे त्याने आजच्यापुरतं एवढं करा: स्टँडवर जाताना ते मागे मागे येत असेल तर परत फिरा, उचलून कडेवर घ्या आणि मगच रस्त्याला लागा.